पैनगंगेचे दोन काठ : नाके, बाजार आणि नवस्वतंत्र राष्ट्रांचे आर्थिक ऐक्य



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी भूगोलाचे पहिले धडे गिरवले, त्याच शाळेने आज मला व्याख्यात्याच्या आसनावर बसवले आहे. हा माझा गौरव आहे असे मी मानत नाही. तो शाळेचा माझ्यावरील लोभ आहे, आणि लोभाची परतफेड करता येत नाही; ती मान्य करून पुढे जायचे असते. ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे गुरुजी मला सातवीत इतिहास-भूगोल शिकवीत. एकदा त्यांनी फळ्यावर पैनगंगा काढली. वरच्या बाजूला यवतमाळ लिहिले, खालच्या बाजूला आदिलाबाद लिहिले, आणि वर्गाला विचारले, "नदी एक, माती एक, कापूस एक. मग भाव दोन का?" वर्गात कोणालाच उत्तर आले नाही. गुरुजींनीही ते सांगितले नाही. "मोठे झालात म्हणजे शोधा," एवढेच म्हणाले.

पुढे मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. आज येथे उभा राहून त्याचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे. उत्तर देताना मला आपल्या जिल्ह्याच्या बाहेर, पूर्व आफ्रिकेपर्यंत आणि ढाक्यापर्यंत जावे लागेल. कारण हा प्रश्न आपल्या दोन काठांपुरता नाही. परकीय सत्तेच्या जोखडातून सुटलेल्या प्रत्येक देशाला, प्रत्येक प्रदेशाला तो पडलेला आहे. साम्राज्याने आखलेल्या सीमा आपण वारशाने घेतल्या. त्या सीमांच्या आरपार व्यापार कसा करावयाचा, आणि त्या व्यापाराचा लाभ कोणाच्या पदरात पडावयाचा, हा तो प्रश्न होय.

१. करोडगिरीचा काळ

आपला जिल्हा तसा अलीकडचा. पूर्वी हा मुलूख सिरपूर-तांडूर या नावाने ओळखला जाई. १९०५ साली आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड होते. वऱ्हाडही नावाने निजामाचेच. परंतु १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या हवाली झाले आणि १९०२ साली लॉर्ड कर्झनने ते वर्षाला २५ लक्ष रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतले. म्हणजे पन्नास वर्षांच्या आत एकाच राजाच्या मुलखाचे दोन तुकडे झाले, आणि मधली नदी ही दोन राज्यव्यवस्थांची सीमा बनली.

हैदराबाद हे साधे संस्थान नव्हते. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा विस्तार, १९४१ च्या खानेसुमारीत १ कोटी ६० लाखांहून अधिक लोकसंख्या, स्वतःची टपालव्यवस्था, स्वतःची रेल्वे, स्वतःचे नाणे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द सतत असत. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. साधारणपणे सात हाली रुपये दिले म्हणजे सहा कलदार मिळत. नदी ओलांडणाऱ्या माणसाला भाषा बदलावी लागत नव्हती. नाणे मात्र बदलावे लागत होते.

आणि जकात द्यावी लागत होती. या खात्याचे नाव करोडगिरी. ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यात १८०२ साली व्यापारी तह झाला, त्यात कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावरील जकात शेकडा पाच या दराने बांधून दिलेली होती. पुढे संस्थानातून बाहेर जाणाऱ्या कापूस, गळिताच्या धान्यांसारख्या मालावरही जकात असे. संस्थानाच्या आतल्या आत माल नेताना जागोजाग द्यावी लागणारी राहदारी पहिल्या सालारजंगाने बंद केली, ही सुधारणा मोठीच म्हटली पाहिजे. परंतु सरहद्दीवरचे नाके राहिले. किंबहुना करोडगिरी ही संस्थानाच्या उत्पन्नाची एक मोठी बाब होती, आणि जी बाब तिजोरी भरते ती कोणताही राज्यकर्ता सहजासहजी सोडत नाही. हे सूत्र लक्षात ठेवावे. नैरोबीपासून मुंबईपर्यंत ते पुन्हा पुन्हा भेटेल.

माझे आजोबा जैनदकडच्या एका खेड्यातील कास्तकार. माझे आजोळ नदीपलीकडे, केळापूर तालुक्यात. आजोबा सांगत की, लेकीच्या घरी तुपाचा डबा न्यायचा झाला तरी नाक्यावरच्या शिपायाची नजर चुकवावी लागे किंवा त्याची मूठ गरम करावी लागे. सांगताना ते हसत असत. परंतु शेवटी म्हणत, "बड्या व्यापाऱ्याच्या गाड्या कागद दाखवून जात, आमची बंडी मात्र उतरून पाहत." या वाक्यात सीमाशुल्काच्या अर्थशास्त्रातला एक मोठा भाग आला आहे. नाका सर्वांना सारखा नसतो. ज्याच्यापाशी कागद, ओळख आणि भांडवल असते त्याच्यासाठी नाका हा खर्चाचा एक आकडा असतो. ज्याच्यापाशी यातले काहीच नसते त्याच्यासाठी ती भिंत असते.

२. व्यापार हे शस्त्र झाले तेव्हा

१५ ऑगस्ट १९४७ नंतर ही भिंत अधिकच उंच झाली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्याची शाई वाळते न वाळते तोच हैदराबादने भारतीय चलनाचा वापर रोखणारा आणि मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंदी घालणारा असे दोन वटहुकूम काढले. उलट बाजूने, भारत आपली आर्थिक नाकेबंदी करीत असल्याची तक्रार हैदराबादने केली. दोन्ही पक्षांनी बाजाराचा शस्त्रासारखा उपयोग केला आणि त्या शस्त्राची जखम प्रथम झाली ती सीमेवरच्या सामान्य माणसाला. सप्टेंबर १९४८ मध्ये, १३ ते १७ या पाच दिवसांत, पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात सामील झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच काळात उपखंडाच्या दुसऱ्या टोकाला याहून भयंकर असे काही घडत होते. फाळणीने ताग पिकवणारा बहुतांश मुलूख पूर्व बंगालात गेला आणि तागाच्या गिरण्या कलकत्त्याच्या भोवताली राहिल्या. सिंध आणि पश्चिम पंजाबचा कापूस तिकडे, मुंबई-अहमदाबादच्या कापडगिरण्या इकडे. फाळणीनंतरच्या पहिल्या वर्षांत पाकिस्तानच्या निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक माल भारतातच येत असे. कारण दोन्ही देश म्हणजे काल-परवापर्यंतचा एकच बाजार होता. सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडच्या पाठोपाठ भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि विनिमयाच्या दरावरून व्यापार ठप्प झाला. पुढे भारताने आपला ताग वाढवला आणि पाकिस्तानने आपल्या गिरण्या उभारल्या. हाताशी असलेले सोडून प्रत्येकाने सारे पुन्हा पहिल्यापासून उभे केले. यालाच त्या काळात स्वावलंबन म्हटले गेले.

म्हणजे त्याच दोन-तीन वर्षांत, उपखंडात एकीकडे एक जुना बाजार तुटत होता आणि दुसरीकडे एक जुनी भिंत पडत होती. तुटलेल्या बाजाराचा इतिहास आपण पुष्कळ वाचतो. पडलेल्या भिंतीचा इतिहास फारसा कोणी लिहिला नाही. माझ्या मते तो अधिक बोधप्रद आहे.

३. एक देश, एक बाजार : कागदावर आणि प्रत्यक्षात

साडेपाचशेहून अधिक संस्थाने भारतात विलीन झाली, तेव्हा राजकीय एकीकरणाइतकेच अवघड असे आर्थिक एकीकरण समोर होते. १ एप्रिल १९५० पासून संस्थानांचे आयकर, सीमाशुल्क आदी केंद्रीय स्वरूपाचे महसूल केंद्राकडे गेले. राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने भारतभर व्यापार आणि दळणवळण मुक्त राहील, असे तत्त्व घालून दिले. परंतु घटनाकार व्यवहारी होते. हैदराबाद, राजस्थान यांसारख्या राज्यांची तिजोरी अंतर्गत जकातीवर उभी आहे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ३०६ व्या कलमाने अशा राज्यांना केंद्राशी करार करून काही वर्षे ती जकात चालू ठेवण्याची मुभा दिली. त्या मुदतीची कमाल मर्यादा दहा वर्षे होती आणि पाच वर्षांनंतर पुनर्विचाराची सोय होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने हे कलमच वगळले गेले.

या शहाणपणाकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. भिंत पाडायची हे ठरले. पण ती एका रात्रीत पाडली तर तिच्या आधाराने उभे असलेले छप्परही कोसळेल, म्हणून मुदत दिली, नुकसानीची भरपाई ठरवली, आणि मुदत संपल्यावर शब्द पाळला. तत्त्व, मुदत आणि भरपाई या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते साधले. पुढे ज्या देशांनी आपसात मुक्त व्यापाराचे करार केले, त्यांच्यापैकी अनेकांचे तत्त्व उत्तम होते. मुदत आणि भरपाई यांचा मात्र विसर पडला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूरचा भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. नांदेड जिल्ह्यातून मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग इकडे आंध्र प्रदेशात आला. राजुरा पुढे १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, २ जून २०१४ ला तेलंगणा झाला, ११ ऑक्टोबर २०१६ ला आपल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. दरवेळी रेषा हलली. माणसे होती तेथेच राहिली. जिवती तालुक्यात महाराजगुड्यासारखी डझनभराहून अधिक गावे अशी आहेत की, ज्यांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तेथील कुटुंबांपाशी दोन्हीकडची रेशनकार्डे आली आणि दोन्हीकडच्या मतदार याद्यांत नावे चढली. लोक यावर विनोद करतात. मला मात्र त्यात सीमेवरच्या माणसाचे शहाणपण दिसते. ज्याला कोणत्याच राज्यावर पुरता भरवसा वाटत नाही, तो दोन्हींची कागदे जपून ठेवतो.

जुनी करोडगिरी गेली. पण नाके गेले का? विक्रीकराचे नाके आले, बाजार समितीच्या शुल्काचे आले, धान्याच्या झोनबंदीचे आले, महाराष्ट्रात नगरपालिकांच्या जकातीचे आले. १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने राज्याबाहेर जाणाऱ्या मालावर कर बसला. तो पुढे दीर्घकाळ चार टक्के होता. एका देशात राहून आपण पुन्हा अनेक बाजार उभे केले. आणि यांतील सर्वांत मोठी भिंत, आपल्या दृष्टीने, कापसाची होती.

४. एकाधिकाराची वर्षे

महाराष्ट्र शासनाने १९७१ मध्ये कायदा करून १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. तिचा हेतू उदात्त होता, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. व्यापारी आणि दलाल शेतकऱ्याला नाडतात, हंगामात भाव पाडतात, काट्यात मारतात, हे खोटे नव्हते. म्हणून सर्व कापूस शासनाच्या वतीने सहकारी महासंघाने घ्यावा, शेतकऱ्याला हमी भाव द्यावा, आणि रुई-सरकी विकून नफा उरल्यास तोही त्याला वाटून द्यावा, अशी योजना होती. अट एकच. कापूस दुसऱ्या कोणाला विकता येणार नाही आणि राज्याबाहेर नेता येणार नाही.

या अटीनेच पैनगंगेचे दोन काठ पुन्हा दूर केले. आपल्याकडे आदिलाबादच्या बाजारात आडत्याकडे लिलाव होई आणि रोख हाती पडे. पलीकडे संकलन केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागत, प्रतवारीवरून वाद होत आणि चुकारा हप्त्याहप्त्याने येई. ज्या वर्षी बाजार चढे, त्या वर्षी पलीकडच्या कास्तकाराला नदीच्या या काठावरचा भाव डोळ्यांसमोर दिसे, पण हात पोचत नसे.

आता मी माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. माझ्या मामांच्या थोरल्या मुलीचे लग्न ठरले होते. कापूस केंद्रावर घातलेला, पावती खिशात, चुकाऱ्याचा पत्ता नाही. घरात आणखी दोन बंड्या कापूस शिल्लक होता. पौषातल्या एका रात्री मामा आणि मी त्या बंड्या उताराने नदीपार आणायला निघालो. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा आम्ही काढून ठेवल्या होत्या. पाण्यापर्यंत पोचण्याआधीच आम्ही पकडले गेलो. कोणी पकडले, त्या माणसाचे किंवा खात्याचे नाव मी घेणार नाही. तो त्याचे काम करीत होता, आणि त्याने जे मागितले ते त्या काळी सगळेच मागत. एक बंडी कापूस गेला, बैल तेवढे परत मिळाले. मामांनी मुलीचे लग्न कर्ज काढून केले. परतताना ते मला एवढेच म्हणाले, "भाच्या, आपलाच कापूस चोरताना आपण सापडलो."

हे वाक्य ऐकले, तेव्हा मला गुरुजींच्या फळ्यावरची नदी आठवली.

परंतु गोष्ट येथे संपवली तर ती एकांगी होईल, आणि इतिहासाच्या शिक्षकाला तो अपराध क्षम्य नाही. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात कापसाचे भाव जगभर कोसळले. महाराष्ट्रातील हमी भाव मात्र वर राहिला. तेव्हा प्रवाह उलटा वाहू लागला. आंध्र, मध्य प्रदेश, गुजरात येथील कापूस महाराष्ट्राच्या केंद्रांवर जाऊ लागला. ज्या उताराने मामांच्या बंड्या दक्षिणेकडे येणार होत्या, त्याच उताराने आता उत्तरेकडे माल जाऊ लागला. आमच्याही घरातून गेला. आमच्या भावाने मामेभावाच्या नावावर तो घातला आणि चुकारा दोघांनी वाटून घेतला. तेव्हा मी त्याला अडवले नाही, हे आज या व्यासपीठावरून कबूल करतो. बाजार चढला की योजनेचा कापूस बाहेर जाई. बाजार पडला की बाहेरचा कापूस योजनेत येई. तोटा प्रत्येक वेळी योजनेचाच. २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकार संपुष्टात आला.

यातून काय शिकावे? शासनाने बाजारात हात घालू नये, असा सोपा निष्कर्ष काही जण काढतात. मी तो काढत नाही. शेजारी दोन प्रदेश एकाच मातीचे, एकाच पिकाचे असतील, तर त्यांपैकी एकट्याने केलेले धोरण, ते कितीही कल्याणकारी असो, टिकत नाही, असे मला वाटते. ते दोघांनी मिळून करावे लागते. नाही तर नदीचा उतार कायद्याहून बलवान ठरतो.

५. आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आपला शेजार

नवस्वतंत्र देशांनी हे मिळून करण्याचे प्रयत्न केले नाहीत, असे नाही. १९६० मध्ये माँटेव्हिडिओच्या कराराने लॅटिन अमेरिकेतील देशांनी मुक्त व्यापार संघटना स्थापली. प्रत्येक वस्तूवर स्वतंत्र वाटाघाट करता करता ती थकली आणि १९८० मध्ये तिच्या जागी अधिक सैल अशी नवी संघटना आली.

पूर्व आफ्रिकेची कथा अधिक शिकवणारी आहे. केनिया, युगांडा आणि टांगानिका यांचा जकातसंघ इंग्रजी अमदानीपासून होता. रेल्वे एक, टपाल एक, पुढे विमान कंपनीही एक. स्वातंत्र्यानंतर या तिन्ही देशांनी १९६७ मध्ये कंपाला येथे करार करून पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापन केला आणि आरुशा येथे त्याचे कार्यालय थाटले. बाजार खुला होता. पण कारखाने नैरोबी-मोंबासाच्या परिसरात एकवटले. टांझानिया आणि युगांडा यांना वाटू लागले की, आपण केवळ गिऱ्हाईक झालो. ही विषमता दूर करण्यासाठी करारात हस्तांतरण कर आणि विकास बँक यांची योजना होती, पण ती अपुरी पडली. १९७१ मध्ये युगांडात इदी अमीन सत्तेवर आला आणि टांझानियाचे न्येरेरे त्याच्याशी एका मेजावर बसेनात. १९७७ मध्ये समुदाय मोडला. टांझानियाने केनियाशी असलेली सरहद्द बंद केली, ती १९८३ पर्यंत उघडली नाही. साम्राज्याने एकत्र ठेवलेली घडी स्वतंत्र देशांनी विस्कटली, ही नामुष्की होतीच. तरीही त्याच देशांनी १९९९ मध्ये नवा करार केला, २००५ पासून जकातसंघ आणि २०१० पासून सामायिक बाजार उभा केला. पुढे शेजारचे देशही त्यात आले, २०२४ मध्ये सोमालिया आला. २१ मार्च २०१८ रोजी किगाली येथे साऱ्या खंडासाठी मुक्त व्यापार क्षेत्राचा करार झाला. त्यावर अखेर ५४ देशांनी सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याखालील व्यापाराचा प्रारंभ झाला.

आपल्या शेजारात काय घडले? १९८५ मध्ये ढाक्यात सार्कची स्थापना झाली. १९९५ पासून सवलतीच्या व्यापाराचा करार अमलात आला आणि १ जानेवारी २००६ पासून दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्र, म्हणजे साफ्टा, सुरू झाला. परंतु प्रत्येक देशाने 'संवेदनशील' वस्तूंची यादी एवढी लांब ठेवली की, खरा व्यापार त्या यादीतच अडकला. २०१९ मध्ये भारत-पाकिस्तान व्यापार जवळजवळ बंद झाला. सार्कची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूत झाली, त्यानंतर झाली नाही. दक्षिण आशियातील देशांच्या एकूण व्यापारापैकी आपसातला व्यापार सुमारे पाच टक्के. आग्नेय आशियातील आसियान देशांत हेच प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक आहे. ते देशही परकीय अमलातूनच बाहेर पडलेले, त्यांच्यातही युद्धे झालेली.

तरी एक उजळ बाजू सांगितली पाहिजे. २०११ मध्ये भारताने साफ्टाअंतर्गत अल्पविकसित शेजाऱ्यांसाठी ती लांबलचक यादी २५ वस्तूंवर आणली. बांगलादेशाचे तयार कपडे आपल्याकडे येऊ लागले आणि आपली रुई व सूत तिकडे जात राहिले. म्हणजे आपल्या मुलखातला कापूस धाग्याच्या रूपाने ढाक्याच्या शिवणयंत्रांखाली जातो आणि सदऱ्याच्या रूपाने परत येतो. २०२५ साली दोन्ही देशांनी एकमेकांच्या सूत आणि कपड्यांवर खुष्कीच्या मार्गाने बंधने घातली, तेव्हा त्याची झळ अखेर कोठपर्यंत पोचते, याचा विचार त्या दिवशीच्या वृत्तपत्रांत मला आढळला नाही. पैनगंगेच्या काठी मात्र तो विचार करावाच लागतो.

६. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्याच महिन्यात विक्रीकराचे नाके बहुतेक राज्यांनी उठवले. परिवहन खात्याची तपासणी उरली, पण पिंपळखुटी आणि भोरज येथे करांच्या कागदांसाठी ट्रकांच्या ज्या रांगा आपण वर्षानुवर्षे पाहिल्या, त्यांचे कारण संपले. पुन्हा तेच सूत्र पाहा. तत्त्व होते, मुदत होती, आणि राज्यांना पाच वर्षे, म्हणजे २०२२ च्या जूनपर्यंत, नुकसानभरपाईची हमी होती. १९५० चा धडा आपण जाणून वा अजाणता गिरवला.

आज दोन्ही काठांवर कापसाचा हमी भाव एकच आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये जाहीर झाले, ते यवतमाळला आणि आदिलाबादला सारखेच. मामा आज असते तर त्यांना रात्री नदी उतरावी लागली नसती. मग गुरुजींचा प्रश्न सुटला का?

अर्धा सुटला. नदीवरचा नाका गेला, पण नाका नाहीसा झाला नाही. तो समुद्रकिनारी गेला. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ झाले. तो निर्णय योग्य की अयोग्य, यावर गिरणीवाल्यांचे आणि कास्तकारांचे मत एक होणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. तो निर्णय ज्या खोलीत झाला, त्या खोलीत कापूस वेचणाऱ्या बाईचा आवाज कोणत्या वाटेने पोचला? आणि दुसरी गोष्ट. कापूस येथे पिकतो, येथे पिंजला जातो, गाठी बांधल्या जातात, आणि गाठी दूर तमिळनाडूच्या सूतगिरण्यांकडे जातात. आपला बाजार खुला आहे. पण खुल्या बाजारात आपण अजून टांझानियाच्या जागी आहोत आणि नैरोबी दुसरीकडे आहे. अशाने आदिलाबाद आणि यवतमाळ हे दोन्ही जिल्हे समृद्धीसाठी नव्हे तर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले, हे या व्याख्यानात न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

यास्तव माझे उत्तर असे. एका मातीला दोन भाव असतात, कारण भाव मातीतून येत नाही. तो निर्णय करणाऱ्या सत्तेतून येतो. सत्ता दोन असतील आणि त्या एकमेकींशी बोलत नसतील, तर भावही दोनच राहणार. भिंती पाडाव्यात, परंतु पाडताना मुदत द्यावी आणि ज्याचे नुकसान होईल त्याला भरपाई द्यावी. बाजार एक करावा, परंतु कारखाने एकाच गावी जमू देऊ नयेत. आणि करार सरकारांमध्ये होत असले तरी त्यांची किंमत सीमेवरचा माणूस मोजतो, म्हणून करार करताना त्याला विचारावे. नवस्वतंत्र देशांच्या गेल्या पाऊण शतकाच्या अनुभवातून मला एवढेच समजले. ते फार नाही, याची मला जाणीव आहे.

या शाळेत मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी बोलणारी मुले एका बाकावर बसत. डब्यातली भाकरी आणि आंबाड्याची भाजी यांची देवाणघेवाण करताना आम्ही कोणत्याही नाक्यावर थांबलो नाही. ज्याच्या डब्यात कमी असे त्याला आधी वाढायचे, एवढाच आमचा नियम होता, आणि तो गुरुजींनीच घालून दिला होता. त्यांनी प्रश्न फळ्यावर लिहिला होता. उत्तर डब्याच्या सुट्टीत आमच्याकडून रोज करून घेतले होते. हे लक्षात यायला मला पन्नास वर्षे लागली.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या व्यापारी होईल, कोणी अधिकारी, कोणी कास्तकार. एखाद्या दिवशी एखाद्या नाक्याच्या या किंवा त्या बाजूला तुम्ही उभे असाल. तेव्हा बंडी उतरून पाहण्यापूर्वी तीत कोणाच्या लेकीचे लग्न आहे, हे एकदा विचारून घ्या. गुरुजींच्या स्मृतीस यापेक्षा वेगळी आदरांजली मला सुचत नाही.